ऑप्टिमायझरची ओळख पटवताना

छतावर २२ सौर पॅनेल आणि तितकेच पॉवर ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलखाली बसणारे, त्या पॅनेलची वीजनिर्मिती स्वतंत्रपणे सांभाळणारे छोटे उपकरण) बसवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की, कोणता अनुक्रमांक कोणत्या पॅनेलखाली गेला याची नोंद मी ठेवलेलीच नव्हती. परिणामी प्रत्येक पॅनेलची वीजनिर्मिती दाखवणाऱ्या ॲपमधील नकाशात सावली भलत्याच पॅनेलवर दिसत होती. पॅनेल पुन्हा उतरवण्यापेक्षा मी दुपारी एकेका पॅनेलवर जाड कापड टाकले आणि ॲपमध्ये कोणत्या अनुक्रमांकाची वीजनिर्मिती घसरते ते पाहिले. पण तेथील माहिती काही मिनिटांनी बदलत असल्यामुळे या कामात दोन दुपारी गेल्या.

पॅनेलची दुसरी ओळ बसवताना मी प्रत्येक ऑप्टिमायझरवरील सुटे होणारे बारकोडचे स्टिकर जमिनीवरच काढून कागदी आराखड्यातील त्याच्या चौकोनात चिकटवले. छतावर घामेजल्या हातांनी ते काढण्याचा प्रयत्न करू नये, ते फाटतातच. नंतर आराखडा सावलीत बसून फोनने स्कॅन केला.

इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला) जोडण्यापूर्वीची एक तपासणी मात्र मी आता कधीच टाळत नाही. मी वापरलेल्या प्रकारात इन्व्हर्टर बंद असताना प्रत्येक ऑप्टिमायझर सुरक्षिततेसाठी केवळ १ व्होल्ट देतो, त्यामुळे ऊन असताना २२ ऑप्टिमायझरच्या मालिकेच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने साधारण २२ व्होल्ट दिसायला हवेत. मला २१ दिसले. एका पॅनेलचा कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता. तो ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्यावर आकडा जुळला आणि त्यानंतरच मी इन्व्हर्टरवरून पेअरिंग, म्हणजे ऑप्टिमायझरची इन्व्हर्टरशी जुळणी, सुरू केले.