पहिली फ्लाइट बॅग घेताय? या चुका टाळा

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) झालं, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी) झालं, कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, आणि तरी नव्या वैमानिकाचे पाय पहिल्यांदा बॅगेच्या दुकानाकडेच वळतात. मीही तेच केलं. घाई करू नका. बऱ्याच विमान कंपन्या बॅग स्वतःच देतात, नाहीतर रंग आणि आकार ठरवून देतात. इंडक्शन (कंपनीतलं सुरुवातीचं प्रशिक्षण) सुरू होईपर्यंत घरातली सॅक पुरते.

जुन्या कॅप्टनांसारखी कडक चौकोनी पेटी हवी, हा हट्ट तर सोडाच. ती पेटी कागदांसाठी होती. अमेरिकन एअरलाइन्सने 2013 मध्ये चार्ट (हवाई नकाशे) आणि मॅन्युअल्स टॅबलेटवर नेली, तेव्हा वैमानिकाच्या हातातलं सुमारे 16 किलोंचं ओझं गेलं. आता आत असतं ते टॅबलेट, चार्जर, टॉर्च, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, लायसन्स, मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र), पासपोर्ट, डबा आणि पाण्याची बाटली. एवढ्याला दोन-तीन हजारांची मऊ, काळी लॅपटॉप ट्रॉली पुष्कळ झाली.

आकार मात्र आपल्या विमानावरून ठरवा. एअरबस ए320 मध्ये वैमानिकाच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला बॅग ठेवायला बरी जागा आहे. एटीआर 72 या पंख्याच्या छोट्या विमानात प्रवाशांचं दार मागे असतं. तिथून चढायचं आणि अरुंद वाटेने बॅग थेट कॉकपिटपर्यंत न्यायची. रुंद बॅग दर सीटला अडकते. सिनियरला विचारून एकदा कॉकपिटमधली जागा टेपने मोजा.

स्वस्त बॅग कापडापायी फारशी मरत नाही, ती चाकांपायी मरते. माझ्या पहिल्या बॅगेचं चाक तिसऱ्याच महिन्यात निघालं आणि ते रिव्हेटने ठोकलेलं असल्यामुळे बदलताही आलं नाही. चाकं स्क्रूने बसवलेली आहेत ना, हे दुकानातच बॅग उलटी करून बघा. हँडल पूर्ण बाहेर काढून हलवा. तेव्हाच खडखडत असेल तर ती बॅग घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत हे सगळं तपासू देतात, ऑनलाइन घेताना जमत नाही. चाक जड फिरू लागलं तर बहुतेक वेळा आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ब्लेडने कापून काढा, नवं चाक आणायची गरज नाही.

फ्लाइंग स्कूलचं सामान तसंच या बॅगेत ओतू नका. सेसनावर (शिकायच्या छोट्या विमानावर) वापरलेला दोन प्लगचा हेडसेट अनेक एअरबसमध्ये बसत नाही, तिथे एक्सएलआर नावाचं पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. इंधन तपासायच्या कपासोबतचा स्क्रूड्रायव्हर किंवा खिशातला चाकू तळाशी राहिला तर सिक्युरिटीला उभं राहावं लागेल. पॉवर बँक 100 वॉट-अवरच्या आतली घ्या. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते. कधी प्रवासी म्हणून जाताना बॅग होल्डमध्ये (विमानाच्या सामानकक्षात) द्यावी लागली, तर पॉवर बँक आधी बाहेर काढा.

मेडिकलवर चष्म्याची अट असेल तर दुसरा चष्मा जवळ असणं बंधनकारक आहे. तो आणि लायसन्स एकाच चेनच्या कप्प्यात ठेवा, आणि तो कप्पा दुसऱ्या कशासाठीही उघडू नका. पावसाळ्यात कागदांना आणखी एक प्लास्टिकची झिप पिशवी लागतेच. मुंबईत जुलैमध्ये एका वॉकअराउंडमध्ये (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायच्या तपासणीत) ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली बॅगसुद्धा शिवणीतून पाणी आत घेते.