फौजेतून पेन्शनीला येताय? कोर्स निवडताना या चुका टाळा

१७ वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या दळणवळण विभागात काढून मी पेन्शनीला आलो. तेव्हापासून आमच्या सातारा भागातला कोणी ना कोणी जवान सुट्टीवर आला की घरी येतो आणि विचारतो, "भाऊ, कोणता कोर्स करू?" वाईट याचं वाटतं की दहातले निम्मे तरी आधी फी भरून मग विचारायला येतात. चुका त्याच त्याच आहेत आणि त्या चुकांत फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा पैसा जातो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोर्सचं नाव ऐकून पैसे भरणं. आमच्या जवळच्या गावचा एक हवालदार, तोपखान्यातला, बारावी आर्ट्स, सर्व्हिस १७ वर्षं. शेवटच्या सुट्टीत त्याने एसटी स्टँडजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये 'फायर अँड सेफ्टी'चा सहा महिन्यांचा डिप्लोमा घेतला, ४५ हजार रोख. बोर्डावर हेल्मेटवाला माणूस आणि खाली '१०० टक्के जॉब'. पेन्शन आल्यावर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसरच्या इंटरव्ह्यूला मी स्वतः त्याला गाडीवर घेऊन गेलो. तो बाहेर आला तेव्हा लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट अजून हातातच होतं. एचआरच्या मॅडमनी म्हणे मार्क बघितलेच नाहीत, सर्टिफिकेटवर खाली कोणाचा शिक्का आहे तेवढं बघितलं आणि विचारलं, "एमएसबीटीईचा एडीआयएस आहे का?" एमएसबीटीई म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ आणि एडीआयएस म्हणजे त्याचा इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. याला तो शब्दच माहीत नव्हता. मग म्हणाल्या गेटवर सिक्युरिटीत जागा आहे, करणार का.

आता यात मॅडमची काही चूक नाही. आपल्या राज्यात कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर व्हायला इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा लागतो, नाहीतर फिजिक्स-केमिस्ट्रीवाली सायन्सची डिग्री, त्यावर सुपरवायझरचा अनुभव, आणि या सगळ्याच्या वर सरकारमान्य सेफ्टी डिप्लोमा. म्हणजे बारावी आर्ट्सवाल्याने तो खरा एडीआयएस करतो म्हटलं असतं तरी मुळात पाया नव्हता. इन्स्टिट्यूटवाल्याला हे माहीत होतं आणि तरी त्याने पैसे घेतले, याचा मला आजही राग येतो.

माझी सवय सांगतो. जी नोकरी पाहिजे तिच्या तीन-चार जाहिराती प्रिंट काढायच्या, 'शैक्षणिक पात्रता' लिहिलंय त्या ओळीखाली पेनने रेघ मारायची आणि कोर्सवाल्याच्या टेबलावर तो कागद ठेवून विचारायचं, यातला कुठला शब्द तुमच्या सर्टिफिकेटवर येणार दाखवा. बोलबच्चन करायला लागला की उठून यायचं.

दुसरी चूक पंधरा वर्षांच्या सर्टिफिकेटची, म्हणजे १५ वर्षं सर्व्हिस झाल्यावर फौजेकडून मिळणाऱ्या ग्रॅज्युएशनच्या बरोबरीच्या कागदाची, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. काहीजण त्याला खरी डिग्री समजतात. ती विद्यापीठाची पदवी नाही, त्यावर एलएलबी किंवा एमएला ॲडमिशन मिळत नाही. १५ वर्षं सर्व्हिस झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या ग्रॅज्युएशनवाल्या पदांना पात्र धरतात, तेही जिथे टेक्निकल किंवा प्रोफेशनल अनुभवाची अट नाही तिथेच. आणि दुसरे काहीजण तो कागद ट्रंकेत ठेवून विसरतात. आमचा हवालदार यातला. सरकारी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन आणि १५ वर्षं सर्व्हिस असलेला दहावी पास माजी सैनिक बसू शकतो, वयातही मोठी सवलत आहे. म्हणजे ४५ हजार घालवायच्या आधीच तो एका चांगल्या नोकरीला पात्र होता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं!

खरी डिग्री पाहिजे असेल तर इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, पण किमान तीन वर्षं लागतात आणि फौजेत तीनची पाच होतात. माझं बीए इग्नूचं, पुस्तकं ट्रंकेतून राजौरीपर्यंत फिरली, एकदा परीक्षेला रजाच मिळाली नाही. म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षीच ॲडमिशन घ्या, शेवटच्या वर्षी नाही. आणि 'एका वर्षात डिग्री, मागच्या तारखेची' म्हणणारा भेटला तर त्याला दारात उभा करू नका. व्हेरिफिकेशनमध्ये नोकरी तर जातेच, वर केस होते, आणि फौजेत कमावलेलं नाव एका दिवसात जातं. घाई झालेली पोरं इथेच फसतात. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी काढते, ती बघायला पाच मिनिटं लागतात.

सर्व्हिसमध्ये पास केलेली परीक्षा पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीत चढवून घ्या, नाहीतर डिस्चार्ज बुकात शिक्षण 'दहावी'च राहतं आणि नंतर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं.

डीजीआरचे, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचे कोर्स जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांना फुकट असतात, आधी ते बघा, मग खिशात हात घाला.

एमएससीआयटी करून टाका. राज्य सरकारच्या क्लार्क-टायपिस्टला मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० टायपिंगही लागतं, रोज तासभर बसल्याशिवाय ते येत नाही.

एमटीवाल्यांनी, म्हणजे फौजेत गाड्या चालवणाऱ्यांनी हेवी लायसन्स सर्व्हिसमध्ये असतानाच सिव्हिलचं करून घ्यावं.

मित्राने केला म्हणून करू नका, त्याचा ट्रेड, म्हणजे फौजेतलं काम वेगळं, तुमचं वेगळं.

त्या हवालदाराने नंतर एमएससीआयटी केली आणि बँकेचा फॉर्म भरला. पहिल्या वेळी प्रिलिममध्ये गणितात अडकला. आता पहाटे पाचला उठतो, पीटीची सवय आहेच, मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावून गणितं सोडवतो आणि अडलेली वहीत लाल पेनने लिहून रविवारी माझ्याकडे घेऊन येतो.