दाढ इथंच काढा, दिवाळीची वाट बघू नका

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या विदर्भातून नवी पोरं आली, की वर्षभरात एकाची तरी दाढ उठते. आणि उत्तर ठरलेलं असतं, "दिवाळीत घरी गेलो की काढून घेतो." मीही १४ वर्षांपूर्वी हेच म्हणालो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर ते वर्धा म्हणजे जवळपास एक अख्खा दिवस. मिरज सुटलं तोवर खिशातल्या लवंगा संपल्या. मनमाडला गाल सुजला. समोरच्या बर्थवरच्या काकांनी ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरायला सांगितली, मी धरली. गोळी पोटात जायची असते, हिरडीवर ठेवली की कातडं भाजतं, हे मला वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. सूज उतरेपर्यंत त्यांनी दाढेला हात लावला नाही, आणि तोवर माझी सुट्टी संपली. तीच दाढ घेऊन मी परत आलो आणि राजारामपुरीत काढली. वीस मिनिटं लागली.

आधी भाषेचं बघू. आपण म्हणतो, "दाढ भल्ली दुखून राहिली." इथं कळतं सगळ्यांना, पण समोरचा आधी हसतो. "ठणकालीय" म्हणा, काम लवकर होतं. डॉक्टर विचारतील, "किती दिवस अंगावर काढलासा?" हा रागाचा सूर नाही. 'काढलासा', 'आलासा', 'जेवलासा' हा इथला आदर आहे. पहिले सहा महिने मला वाटायचं की सगळं गाव माझ्यावर खेकसतंय.

दवाखाना शोधायला त्रास नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत पाट्याच पाट्या दिसतील. साधी हलणारी दाढ कुठलाही बीडीएस डॉक्टर काढतो. अक्कलदाढ हाडात आडवी अडकली असेल, तर ओरल सर्जन कोण येतो आणि कधी येतो, ते आधी विचारा. बऱ्याच दवाखान्यांत तो ठरलेल्या वारीच येतो. पैशांची ओढाताण असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. सकाळी लवकर जायचं आणि रांगेची तयारी ठेवायची. वारणेकडं नवे पारगावला डेंटल कॉलेजही आहे. तिथं शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो. माझा एक हट्ट आहे: शनिवारी संध्याकाळी दाढ काढू नका. रविवारी बहुतेक दवाखाने बंद, आणि रक्त थांबेना झालं तर कुणाचं दार वाजवणार?

काढायच्या आधी ती वाचेल का, हे जरूर विचारा. रूट कॅनॉल महाग पडतं, पण दाढ आपली राहते. काढायचंच ठरलं तर उपाशी जाऊ नका. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या. शुगर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा, ती मनानं बंद करू नका. सुई टोचते तेवढंच दुखतं. पुढं कुणीतरी जबडा ढकलतंय असं वाटतं आणि कडकड आवाज येतो, तो ऐकायला वाईट, बाकी काही नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, हे वर्ध्यातही ऐकलं होतं आणि इथंही ऐकलं. माझी वरची एक गेली आहे, चष्म्याचा नंबर तोच आहे.

खरी परीक्षा घरी आल्यावर, कारण कोल्हापूरकर आजारी माणसाला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. माझ्या घरमालकीण काकू तासाभरात वाफाळता पांढरा रस्सा घेऊन हजर. "तिखट न्हाई, पांढराच हाय, पी की!" पांढऱ्याला रंग नाही म्हणून तिखट नाही असं कुणी समजू नये. आणि तिखटापेक्षा वाईट म्हणजे तो गरम होता. कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, पहिला दिवस गरम काही नाही. खड्ड्यात जी रक्ताची गाठ बसते, ती जखमेचं झाकण असते. ओठ दोन-तीन तास बधिर असतो, तेवढ्यात जेवाल तर स्वतःचाच ओठ चावाल. काकूंना सांगितलं, "संध्याकाळी दहीभात चालेल." त्यांनी दहीभात आणला, आणि रस्सा गार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा आणला. आईस्क्रीम चालतं, पण इथलं प्रसिद्ध कॉकटेल नको, त्यात फळांचे तुकडे आणि सुकामेवा असतो. साधं मागवा, चमच्यानं खा. स्ट्रॉनं काहीच ओढायचं नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या २४ तासांनंतर, त्याही हलक्या.

आता खर्ऱ्याबद्दल. इथं त्याला मावा म्हणतात, पुडी तीच, सवय तीच. आमच्या लाइनवरच्या एकानं दुसऱ्याच दिवशी "त्या बाजूला नाही, या बाजूला धरतो" म्हणून मावा लावला. तिसऱ्या रात्री ठणका कानापर्यंत. झाकण निघालं की हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला ते जास्त होतं, आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांना तर अधिकच. गोळ्यांवर गोळ्या खात बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बरंच बरं वाटतं. मिसरी लावणाऱ्या आयाबायांनाही हेच लागू. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, तोंड उघडेना झालं, तर दवाखाना गाठा. गिळता येईना किंवा श्वास अडकला, तर वाट न बघता सीपीआरची कॅज्युअल्टी.

टाके असले तर साधारण सातव्या दिवशी काढतात. त्यानंतर मला मिसळ हवी होती. आपल्या तर्रीला इथं कट म्हणतात आणि मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात, ते दाढेला बरेच. फक्त ताटलीवर हात आडवा धरून बसा. वाढपी न विचारता कट ओततो, आणि "बास" म्हटल्यावर अजून एक पळी ओततो.