नवतपा सोसून तंबाखू मुरवायची असेल तर

आमच्याकडे पाइपची तंबाखू मुरवायची, म्हणजे बरणीत बंद करून वर्षानुवर्षं ठेवायची, तर आधी जागा पाहायची, तंबाखू नंतर. मोर्शीकडच्या आमच्या गावात मे अखेरच्या नवतपात पारा 45-46 वर जातो. टिनाखालच्या खोलीत ठेवलेली बरणी हातात धरवत नाही. त्याच दुपारी आमच्या मातीच्या वाड्यात, माजघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर माझा थर्मामीटर 32 दाखवतो. दोन हात जाड भिंत, खिडकी नाही. दिवसरात्रीत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो, आणि खरी गोष्ट तीच आहे. तापमान रोज चढत-उतरत राहिलं की बरणीत पाणी सुटतं, काचेला आतून थेंब धरतात आणि तिथूनच बुरशी लागते.

कूलरच्या खोलीत ठेवू नका. दिवसभर दमट गारवा आणि लाइट गेली की भट्टी.

भाचा म्हणाला, "मामा, तळघर लागते ना? मग आपल्या पेवात काऊन नाही ठेवत?" जमिनीतलं ज्वारीचं ते जुनं पेव पावसाळ्यात पाझरतं, झाकणं गंजून जातील. शिवाय बंद पेवातली हवा जीव घेते. कंदील खाली सोडून तो जळत राहतो का, हे पाहिल्याशिवाय बाबा कोणालाच उतरू देत नसत. माजघरच बरं.

आता पान. मुरवायला व्हर्जिनिया जातीची तंबाखू घ्या. हे पान भट्टीच्या गरम हवेत झटपट वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर पानातच राहते, आणि मुरताना सगळं काम त्या साखरेचं असतं. बर्ली ही दुसरी जात सावलीत, हवेवर हळूहळू वाळते, तोवर तिची साखर संपलेली असते. ती टिकते, पण फारशी बदलत नाही. धुरावर वाळवलेल्या लटाकिया तंबाखूचा धुरकट वास वर्षागणिक मंदावतो. व्हॅनिला, चेरीचा वास लावलेली तंबाखू ठेवूच नका, वर्षभरात ओढून टाका.

बरणी काचेची, रबराची कडी असलेली. लोणच्याची चिनीमातीची बरणी चालत नाही, तिचं झाकण हवा धरत नाही. बरणी गरम पाण्यात धुऊन दोन दिवस उन्हात कोरडी करा. तंबाखू दाबून न भरता वर बोटभर जागा सोडा. सुरुवातीला आंबायला तेवढी हवा लागते, म्हणून हवा काढून पॅक करू नका. पुढे आतला प्राणवायू संपला तरी मुरणं चालू राहतं. मात्र झाकण उघडलं की ती हवा बदलते, वास उडतो. म्हणून एक मोठी बरणी न भरता 50-50 ग्रॅमच्या लहान भरा. चिठ्ठीवर नाव, महिना आणि साल लिहा. आठवणीवर सोडू नका.

2016 च्या जुलैत मी ओलसर तंबाखू तशीच भरली. दसऱ्याला पाहिलं तर पांढरी लव आलेली आणि ओल्या पोत्याचा वास. अख्खी बरणी उकिरड्यात गेली. वरचं काढून खालचं वापरू, असं करायचं नसतं. जुन्या पानावर कधी साखरेचे बारीक कण चमकतात, ते चांगले. उजेडात धरून पाहा: कण चमकतात, बुरशी कापसासारखी दिसते.

आई ती फळी पाहून विचारायची, "काऊन रे, हे कायचं लोणचं घातलं?" मुरण्याचा काळ पाहिला तर ती बरोबरच बोलत होती. सहा महिन्यांत तिखटपणा उतरतो, खरी चव पाच वर्षांनी कळते. गेल्या दिवाळीत सात वर्षांची बरणी उघडली. लिंबासारखं पिवळं पान गुळाच्या रंगाचं झालेलं, आणि वास थेट वाळत घातलेल्या मोहफुलांचा. झाकण हातात धरून मी बराच वेळ नुसता वासच घेत बसलो. मुरल्याने निकोटीन मात्र जात नाही, अपायही कमी होत नाही. मी आठवड्यातून दोनदाच पाइप भरतो.

भरण्याआधी चिमूट दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओली, कुरकुरली तर फार सुकी, हळूहळू मोकळी झाली तर बरोबर. ओली असेल तर कागदावर पसरा. श्रावणात अर्धा तास लागतो, मे महिन्यात पाच मिनिटं पुरतात, तेवढ्यात तिथून उठू नका.