जुन्या मोटारीचा डायनॅमो टेबलावर कसा तपासावा

चार्जिंगचा दिवा विझत नाही म्हणून लगेच डायनॅमोला (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) दोषी ठरवू नये, कारण कटआउट (बॅटरीची वीज उलट डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बिघडला तरी तक्रार हीच असते. डायनॅमो उतरवून एकट्याने तपासला की दोष त्यात आहे की बाहेर ते कळते. येथे दिलेली पद्धत ‘डी’ (तयार वीज बाहेर देणारे) आणि ‘एफ’ (फील्ड कॉइलचे) टर्मिनल असलेल्या आणि फील्ड कॉइलचे, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याचे, दुसरे टोक आतूनच बॉडीला जोडलेल्या १२ व्होल्टच्या डायनॅमोची आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीचे सी३९ आणि सी४० याच प्रकारचे. फील्ड रेग्युलेटरमार्फत बाहेरून अर्थ होणाऱ्या (बॉडीला जोडल्या जाणाऱ्या) डायनॅमोला ही जोडणी करू नये.

प्रथम कार्बन ब्रश आपापल्या खाचेत मोकळे सरकतात का ते पाहावे. काळवंडलेला कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक काचपेपरने पुसावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि ब्रश खातात. मग ‘एफ’ आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावावा. सुमारे ६ ओहम आले तर कॉइल ठीक. काहीच जोड दाखवला नाही तर तार तुटलेली.

आता ‘डी’ आणि ‘एफ’ एका तारेने जोडून तेथे बॅटरीचे एक टोक व बॉडीला दुसरे लावले की चांगला डायनॅमो विजेच्या मोटरसारखा संथ, एका लयीत फिरू लागतो. तो अडखळत असेल, किंवा हाताने ढकलल्यावरच सुटत असेल, तर आर्मेचर (आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) किंवा ब्रशकडे बघावे. बॅटरीचे टोक मात्र गाडीच्या अर्थप्रमाणेच, म्हणजे गाडीत बॅटरीचे जे टोक बॉडीला जोडलेले असते तेच डायनॅमोच्या बॉडीला, लावावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, आणि उलट जोडले तरी डायनॅमो त्याच दिशेने फिरत असल्याने चूक लक्षात येत नाही. आतले शिल्लक चुंबकत्व तेवढे उलटते आणि पुढे कटआउटचे पॉइंट जळतात.

शेवटी बॅटरी काढून, ‘डी’–‘एफ’ जोडलेलेच ठेवून, व्होल्टमीटर ‘डी’ आणि बॉडीवर लावावा आणि डायनॅमो त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू, फार तर मिनिटाला १००० फेऱ्यांपर्यंत फिरवावा. काटा झरझर चढला पाहिजे. २० व्होल्टला थांबावे. अर्ध्या-एका व्होल्टवर अडला तर फील्ड, चार-पाचवर घुटमळला तर आर्मेचर आणि हललाच नाही तर ब्रश संशयित.

गाडीवर चढवण्यापूर्वी ‘डी’–‘एफ’ जोडणारी तार आठवणीने काढावी; ती राहिली तर रेग्युलेटरचा ताबा सुटतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर व्होल्टेज चढतच जाते.