टॉर्कवरून इंजिनाचा सरासरी प्रभावी दाब कसा काढावा

दोन इंजिनांची तुलना नुसत्या टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर, केली, तर मोठे इंजिन बहुधा सरस दिसते. पण सिलेंडरमधील जागेचा उपयोग कोणते अधिक चांगला करते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सरासरी प्रभावी दाब काढावा. पॉवर स्ट्रोकभर, म्हणजे जळता वायू पिस्टनला ढकलतो त्या टप्प्यात, पिस्टनवर जो एकसारखा दाब राहिला असता एका चक्रातले सगळे काम तेवढेच झाले असते, असा हा कल्पित दाब आहे. सिलेंडरमधला खरा दाब क्षणोक्षणी बदलतो आणि टर्बो डिझेलमध्ये ज्वलनाच्या वेळी १५० बारच्याही वर जाऊ शकतो, म्हणून या दोहोंची गल्लत करू नये.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत पुरे होते, त्यामुळे चक्रातले काम म्हणजे टॉर्क गुणिले ४π (पाय, सुमारे ३.१४). त्याला इंजिनाच्या क्षमतेने, म्हणजे पिस्टन सरकतात त्या जागेच्या एकूण आकारमानाने, भागले की दाब मिळतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये व क्षमता लिटरमध्ये घेऊन टॉर्कला १२.५७ ने गुणावे आणि क्षमतेने भागावे. उत्तर किलोपास्कलमध्ये येते, व १०० ने भागल्यावर बारमध्ये. टू-स्ट्रोकसाठी १२.५७ ऐवजी ६.२८ घ्यावे.

समजा, १.५ लिटरचे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन १४५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. १४५ गुणिले १२.५७ म्हणजे सुमारे १८२३, भागिले १.५, म्हणजे १२१५ किलोपास्कल, अर्थात १२.१५ बार. एक लिटरच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क १७२ असेल, तर हाच आकडा २१.६ बार येतो, कारण टर्बोमुळे तेवढ्याच जागेत अधिक हवा कोंबली जाते आणि अधिक इंधन जाळता येते. टॉर्क मात्र क्रँकशाफ्टवरचाच हवा. चाकांवरचा टॉर्क गिअरमुळे वाढलेला असतो. फक्त शक्ती माहीत असेल, तर किलोवॅटला १२०० ने गुणून लिटर आणि आरपीएम यांच्या गुणाकाराने भागावे. फोर-स्ट्रोकसाठी त्या वेगाचा दाब थेट बारमध्ये मिळतो.

हा झाला क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचलेल्या कामाचा दाब. सिलेंडरमध्ये वायूने केलेल्या कामाचा दाब याहून जास्त असतो आणि दोहोंतला फरक मुख्यतः घर्षणात जातो. हा फरक १ बार धरला, तर १२ बारच्या भारावर तो वायूच्या १३ बारच्या तेराव्या हिश्शाइतका ठरतो, पण २ बारच्या हलक्या भारावर तब्बल एक तृतीयांश होतो. म्हणूनच तेवढ्याच कामासाठी लहान इंजिन अधिक दाबावर चालवणे बहुधा किफायतशीर ठरते.