'तो का नाही घेतला?' असं ओरडण्याआधी करायचा हिशेब

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल क्लबाने अमका खेळाडू का विकत घेतला नाही, यावर वाद घालण्याआधी हे वाचा. यादीत 25 नावं आहेत, म्हणजे संघ भरलेला, हा चाहत्यांचा नेहमीचा घोळ. डोकी मोजू नका, जागा मोजा.

कागदावर अकरा चौकोन काढा. प्रत्येकात पहिल्या पसंतीचा खेळाडू आणि त्याचा बदली, अशी दोन नावं लिहा. एक नाव एकदाच. 'हा फुल-बॅकही (कडेचा बचावपटू) खेळतो, मिडफिल्डमध्येही (मधल्या फळीत) चालतो' म्हणत एकालाच तीन चौकोनांत बसवलं की ऑगस्टमध्ये सगळं झकास दिसतं आणि डिसेंबरात उघडं पडतं.

मग नावापुढे मागच्या दोन हंगामांतली लीगची मिनिटं लिहा. 38 सामन्यांची 3,420 होतात. दोन्ही वेळा निम्मीही भरली नसतील तर तो अर्धाच खेळाडू धरा, कितीही गुणी असो.

लिव्हरपूलचा 2020-21 चा हंगाम या कागदावर मांडून बघा. उन्हाळ्यात बचावपटू लोवरेन झेनित या रशियन क्लबला विकला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. उरले तीन मुरलेले सेंटर-बॅक (मधले बचावपटू) : व्हॅन डाइक, गोमेझ आणि मातिप. त्यातला मातिप आदल्या हंगामात लीगचे जेमतेम 9 सामने खेळलेला. म्हणजे दोन चौकोनांतल्या चार माणसांच्या कामाला अडीच. ऑक्टोबरात व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरात गोमेझचा, जानेवारीअखेर मातिपचा घोटा. पण खरं नुकसान पुढेच आहे. मिडफिल्डचे फाबिन्यो आणि हेंडरसन बचावात मागे ओढले गेले आणि मिडफिल्ड पोकळ झालं. अॅनफिल्डवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, लीगचे सलग सहा सामने हरले. म्हणून प्रत्येक बदलीपुढे बाण काढा : तो इथे आला तर कुठली जागा रिकामी पडते? नंतर फाबिन्यो पुन्हा पुढे मिडफिल्डमध्ये गेला, मागे फिलिप्स-विल्यम्स ही कच्ची जोडी उभी राहिली आणि संघ तिसरा आला! बदली थोडा कमी दर्जाचा असला तरी चालतो, तो त्या जागेचा असावा.

आता नियम. प्रीमियर लीगच्या 25 जणांत 'होमग्रोन' नसलेले जास्तीत जास्त 17. वयाच्या 21 च्या आत तीन हंगाम इंग्लंड-वेल्समधल्या क्लबकडे नोंद असली की झाला होमग्रोन, पासपोर्ट कुठलाही असो. कोवळ्या वयात आर्सेनलला आलेला स्पेनचा फाब्रेगास तसाच मोजला जायचा. 21 खालच्यांना यादीत जागा लागत नाही.

पैशाचं गणित इथेच बहुतेकांचं चुकतं. 5 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर क्लबाच्या हिशेबाच्या वहीत दरसाल 1 कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत 3 कोटी; अडीचला विकला तर 50 लाखांचा तोटा. उलट अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत जवळजवळ शून्य, त्यामुळे आलेला पैसा बहुतेक नफाच. लाडका पोरगा का विकला, याचं उत्तर कित्येकदा वहीत असतं, मॅनेजरच्या डोक्यात नाही. तसंही बऱ्याच क्लबांत खरेदीची सूत्रं स्पोर्टिंग डायरेक्टरकडे असतात, तेव्हा दगड कुणावर मारायचा ते आधी ठरवा.

आणि कागदावर तारीख घाला, विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) बंद झाली त्या दिवसाची. जानेवारीत 'मी तेव्हाच म्हणालो होतो' म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. त्यांच्याकडे सप्टेंबरचा कागद मागा.